एका मिनिटात तीन वाक्यं

"सखाराम कुंभाराचे गाढव हरवले," गोदावरीने वाचलं, आणि कागदावरून नजर उचलून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

मी हूं की चूं केलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात बसलेली मी, मांडीवर तक्ता, हातात पेन, गळ्यात लाल दोरीने अडकवलेलं स्टॉपवॉच. पंचायत समितीत दोन दिवस बसवून आम्हाला शिकवलं होतं, मूल वाचत असताना परीक्षकाने मान डोलवायची नाही, हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. मी तर घरी आरशासमोर बसून कोऱ्या चेहऱ्याचा सराव केला होता. तेव्हा बावीस वर्षांची होते, नोकरीला लागून जेमतेम सात महिने झाले होते, आणि नियम म्हटला की माझ्या अंगात यायचं.

"सखाराम कुंभाराचे..." तिने पुन्हा सुरुवात केली, या खेपेला जरा सावकाश, "गाढव हरवले." पुन्हा थांबली. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. अकरा सेकंद गेले होते आणि चौथीतली ही मुलगी अजून पहिल्याच वाक्यावर घोटाळत होती.

दुसरं वाक्य तिने तीनदा वाचलं. तिसरं दोनदा. एक मिनिट झालं तेव्हा मी घड्याळ दाबलं आणि म्हटलं, "थांब. झालं."

"पण बाई, गाढव सापडलं का नाही ते राहिलं ना."

"ते आता राहू दे. जा वर्गात."

तक्त्यावर दोन रकाने होते, एक गतीचा आणि एक भावाचा. गती म्हणजे मिनिटाला किती शब्द. भाव म्हणजे आवाजाचा चढउतार, योग्य जागी थांबणं, वाचणाऱ्याला कळतंय हे ऐकणाऱ्याला जाणवणं. मी गतीला सगळ्यात खालचा गुण दिला. भावाच्या रकान्यात लिहिलं, 'वारंवार थांबते, तेच वाक्य परत वाचते.' आणि खाली शेरा मारला, 'अडखळत वाचन.' शाईच्या पेनने, ठसठशीत.

आमची शाळा सिन्नरजवळच्या एका वस्तीत, चौथीपर्यंतचीच. पाचवीला जायचं तर पाच किलोमीटर चालायचं, आणि तिथल्या मुली काही जायच्या नाहीत. त्या वर्षी मात्र नाशिकच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा सुरू झाली होती. आमच्या केंद्रातून एकच मुलगी घेणार होते. गणित, लेखन यांत गोदावरी वारुंगसेच्या जवळपास कोणी नव्हतं. पण नियम असा की वाचनाच्या चाचणीत 'ओघवते' हा शेरा हवाच. आपल्या वर्गाची चाचणी आपण घ्यायची नाही म्हणून चौथीची माझ्याकडे आली आणि माझ्या दुसरीच्या वर्गाची हेडमास्तरांकडे गेली.

हेडमास्तर धारणकर गुरुजी चौथीला शिकवत. त्यांनी माझा तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचला.

"कुलथे बाई, ही पोर वाचते हो चांगली. रोज ऐकतो मी."

"मग माझं घड्याळ खोटं बोलतं का, गुरुजी?"

"घड्याळाचं काय घेऊन बसलात?"

"एका मिनिटात तीन वाक्यं, गुरुजी. तुम्ही लाडाने ऐकत असाल, मी नियमाने ऐकलं."

म्हातारा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तक्ता पाकिटात घालून त्यांनी तालुक्याला पाठवून दिला. मला आपल्या निःपक्षपातीपणाचा इतका अभिमान वाटला होता की आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

त्याच आठवड्यात मी गोदावरीच्या घरी गेले. तिला जादा तासाला पाठवा असं सांगायचं होतं. मनात पुण्य कमवायला निघाल्याचा थाट होता. वस्तीतल्या बायका बिड्या वळायच्या. वारुंगश्यांच्या ओसरीवर पाचसहा जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. माना खाली आणि बोटं चाललेली. मी अंगणाच्या तोंडाशीच थबकले, कारण आतून कोणीतरी वाचत होतं.

पालथ्या घातलेल्या पिंपावर गोदावरी बसली होती. हातात वर्तमानपत्राची जुनी पुरवणी. माहेरी गेलेल्या सुनेकडून सासूला आलेल्या पाकिटाची गोष्ट होती. "मग सासूबाईंनी पाकीट उघडले," ती वाचत होती.

"हं," एक बाई म्हणाली.

"आत पत्र नव्हते."

"हं."

"आत होता फक्त एक वाळका गजरा."

कोणीच काही म्हणालं नाही. मग गोदावरीने तेच वाक्य परत वाचलं. पण या खेपेला 'फक्त' या शब्दावर ती क्षणभर रेंगाळली आणि 'वाळका गजरा' हे इतकं हळू म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. ओसरीवर एकदम तीनचार 'हं' उठले. एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, म्हणजे पोरगी रडू राहिली आसंल तिकडं," आणि गोदावरी पुढे निघाली. कुठे अडखळणं नाही, कुठे चाचरणं नाही. सासूसाठी एक आवाज, सुनेसाठी दुसरा.

मी तिथेच उभी राहिले. घड्याळ पिशवीत होतं, पण ते काढायची काही गरज नव्हती.

गोष्ट संपली तेव्हा तिची आई, चांगुणाबाई, मला बघून उठली. पाणी दिलं. मी विचारलं, "ती तेच वाक्य परत का वाचते हो?"

"मग? आमच्या माना खाली अन् हात कामात. तिच्या तोंडाकडं बघायला फुरसत कोणाला हाये? हं म्हणलं की पोरीला कळतं, ऐकू राहिलो. हं नाही आलं तर समजायचं, ऐकणाराचं काहीतरी सुटलं. मग परत वाचायचं, जरा उलगडून. लहानपणापासून तिला तशीच सवय लावली आम्ही."

"आणि शाळेत?"

"शाळेत गुरुजी म्हणतेत ना हं. त्यांना तर लईच सवय, वाचलं नाही तरी हं म्हणतेत." ओसरीवर खसखस पिकली.

मला हसू येईना. त्या दिवशी व्हरांड्यात ती माझ्या तोंडाकडे का बघत होती ते आता लख्ख कळलं. तिला वाटलं असणार, बाईंना समजत नाहीये. बिचारी मला समजावून सांगत होती, दोनदा, तीनदा, जीव तोडून. आणि मी तिचे शब्द मोजत बसले होते.

"बाई," चांगुणाबाई म्हणाली, "नंबर नाही लागला म्हणे तिचा."

मी मान हलवली. भिंतीवर खिळ्याला एक नवं कोरं सूप अडकवलेलं होतं, बाकीच्यांपेक्षा लहान. माझी नजर तिकडे गेलेली तिने बघितली.

"तिचंच आहे. नंबर लागला तर जाईल, नाही लागला तर चौथी झाल्यावर ते काढायचं, असं ठरलंय आमचं. मी काय हौसेने बसवू राहिले का तिला?" मग आवाज न चढवता म्हणाली, "कारखान्यात चेकर असतो आमचा. एक बिडी नरम लागली तर अख्खी मूठ फेकतो. लई राग येतो त्याचा. पण तो बिडी हातात घेऊन दाबून तरी बघतो, बाई."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे. नाही सांगितलं. "बघते काय होतं ते," असं पुटपुटून मी पाय काढता घेतला. भित्रेपणा, दुसरं काय?

फेरचाचणीची सोय होती. पण अर्जात कारण लिहावं लागे आणि छापील कारणांपैकी मला लागू पडणारं एकच होतं, 'परीक्षकाची चूक'. मी शिक्षणसेवक होते, तीन वर्षं नीट गेली तरच नोकरी पक्की व्हायची. दोन दिवस तो अर्ज पर्समध्ये घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी त्या चेकरची आठवण झाली आणि सही करून टाकली. गुरुजींनी अर्ज वाचला आणि सवयीने म्हणाले, "हं." त्या दिवशी तो 'हं' मला फार बरा वाटला.

शनिवारी विस्तार अधिकारी निरगुडे साहेब स्वतः येणार असं कळलं. म्हणजे झालंच. कोऱ्या चेहऱ्याचा नियम आम्हाला त्यांनीच शिकवला होता.

माझ्याकडे चार दिवस होते. रोज शाळा सुटल्यावर मी गोदावरीला बसवलं. "परीक्षेत कोणी हं म्हणणार नाही. थांबायचं नाही, वर बघायचं नाही, परत वाचायचं नाही. सरळ पुढे जायचं."

हुशार पोरगी, दोन दिवसांत शिकली. सखाराम कुंभाराची अख्खी गोष्ट पन्नास सेकंदांत संपवायला लागली. सखारामाने सगळं गाव पालथं घातलं, दमून घरी आला, दार उघडलं, तर गाढव चुलीपाशी उभं. हे सगळं तिने नवाचा पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. गाढव हरवलं काय आणि सापडलं काय, तिला सोयरसुतक नाही. गतीला चारपैकी चार, भावाला भोपळा.

"अगं, गाढव सापडलं ना! आनंद नको का व्हायला?" मी भडकले.

"कोणाला?"

"ऐकणाऱ्याला."

"पण कोणीच ऐकू नाही राहिलं, बाई."

"मी काय झोपलेय का इथं?"

"तुम्ही घड्याळाकडं बघता," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मी आईला सांगते, सूप काढ म्हणून. मला असं नाही वाचता येत."

मी तिला जवळ घेतलं नाही, तेवढं सुचलंही नाही. नुसतं म्हटलं, "जा घरी. शनिवारी तुला येतं तसं वाच." आधी तिचं वाचन मला ऐकू आलं नव्हतं, आणि आता माझ्याच हाताने मी ते बिघडवलं होतं.

शनिवारची सकाळची शाळा. निरगुडे साहेब मोटरसायकलवरून आले, पायजम्याला लावलेली क्लिप काढली, चहा नको म्हणाले. उंच, कोरडा माणूस. गोदावरीला समोर बसवलं, मला मागच्या बाकावर. गोष्ट नवी होती, पाकिटातून फोडलेली. जत्रेत हरवलेल्या मधूची.

"सुरू कर." घड्याळ टिकटिकायला लागलं.

"मधू पहिल्यांदाच जत्रेला गेला होता," तिने वाचलं आणि थांबली. साहेबांच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मी जीभ दातांखाली धरून बसले होते. "मधू पहिल्यांदाच..." ती परत वाचू लागली आणि मध्येच थांबली. कागद मांडीवर ठेवला.

"साहेब, कळलं का?"

"मला विचारायचं नाही. वाच."

"पण तुम्ही हं नाही म्हणालात."

"नियमात नाही."

"मग तुम्हाला कळलं का नाही, ते मला कसं कळणार?"

तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं. खरंच अडचण होती तिची. साहेबांनी घड्याळ थांबवलं. मग माझ्याकडे वळले. "हा काय प्रकार आहे, बाई?"

मी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. ओसरी, सुपं, खाली घातलेल्या माना, वाळका गजरा. गेल्या चार दिवसांत मी काय करून ठेवलं तेही सांगितलं. साहेब तक्त्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या सूचना वाचत राहिले. मला वाटलं, झालं, आता नियमावर बोट ठेवणार. ठेवलंच.

"परीक्षकाने आवाज काढू नये, असं लिहिलंय," ते म्हणाले. "आज तुम्ही परीक्षक आहात का?"

"नाही, साहेब."

"मग या इकडे. बसा तिच्या बाजूला."

मी जाऊन बसले. गोदावरीने माझ्याकडे बघितलं. "बाई, माझ्या तोंडाकडं बघू नका. हाताला काहीतरी काम घ्या."

टेबलावर फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा पडला होता. मी सुई-दोरा घेतला आणि एका पुस्तकाची पाठ शिवायला बसले. मान खाली. साहेबांनी घड्याळ पुन्हा सुरू केलं.

"मधू पहिल्यांदाच जत्रेला गेला होता."

"हं," मी म्हटलं.

"त्याने वडिलांचा हात घट्ट धरला होता."

"हं."

"थोड्या वेळाने त्याने वर पाहिले. तो हात वडिलांचा नव्हता."

मी सुई टोचता टोचता थांबले. तिने तो 'नव्हता' असा उच्चारला होता की माझ्याच हातातून कोणाचा तरी हात सुटल्यासारखं झालं. "हं," मी म्हटलं आणि ती पुढे निघाली. मधूचं रडणं, त्या परक्या माणसाचं 'घाबरू नकोस, आपण शोधू', पाळण्यांची गर्दी, भोंग्यावरून पुकारलेली नावं. कुठे घाई नाही, कुठे खोळंबा नाही. मिनिट कधी उलटून गेलं ते मला कळलं नाही, आणि साहेबांनीही घड्याळ थांबवायचं सोडून दिलं असावं.

"वडील चौकीपाशी उभे होते. त्यांच्या हातात मधूची एकच चप्पल होती."

'हं' म्हणायची पाळी माझी होती. माझ्या घशात आवंढा आलेला, तोंडातून शब्द फुटेना. मान खाली घालून मी नुसती दोऱ्याकडे बघत राहिले. गोदावरी थांबली. आता ती परत वाचणार, आणि परत वाचलं की लागला शेरा. मी आवंढा गिळायला धडपडत होते.

"हं," कोणीतरी म्हणालं.

मी वर बघितलं. निरगुडे साहेब तक्त्यावर मान घालून बसले होते. पेन हातात, पण लिहीत काहीच नव्हते. गोदावरीने शेवटचं वाक्य वाचलं, मधू धावत सुटल्याचं, आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला.

साहेबांनी घसा खाकरला. दोनदा. "मघाशी मी घसा खाकरला होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुम्हाला दुसरं काही ऐकू आलं असेल तर तो तुमचा गैरसमज."

"हो, साहेब."

"पहिल्या मिनिटात एकोणसत्तर शब्द." त्यांनी रकाने भरले, गतीला तीन, भावाला चार. खाली लिहिलं, 'ओघवते'. मग माझा जुना तक्ता पुढे ओढून त्यावर तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, 'परीक्षकाची चूक. समज दिली.' ती समज म्हणजे काय, ते मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही. क्लिप लावली आणि गेले. जाताना गुरुजींकडे चहा मात्र प्यायले.

त्याच दुपारी मी चांगुणाबाईकडे गेले आणि आधी राहून गेलेलं सांगितलं, की चूक पोरीची नव्हती, माझी होती. तिने ऐकून घेतलं. "कळलं होतं आम्हाला," म्हणाली. "तुम्ही कधी सांगता तेच बघू राहिलो होतो."

जूनमध्ये गोदावरी पत्र्याची पेटी घेऊन गेली. पुढे ती शिकली, आता एका आकाशवाणी केंद्रावर आहे. तिथे समोर कोणीच नसतं, मग कशी वाचतेस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काचेपलीकडे जो बसतो ना बाई, त्याला मान हलवायला लावते." वीस वर्षं झाली या गोष्टीला. मला मात्र त्यानंतरची एक दुपार जास्त आठवते.

ती गेल्यावर आठवड्याभराने मी वस्तीवरून चालले होते. ओसरीवर बायका तशाच बसलेल्या, पण सगळं चिडीचूप. चांगुणाबाई त्या लहान सुपात तांदूळ पाखडत होती.

"पोरगी गेली अन् ओसरी मुकी झाली," ती म्हणाली. "बरं झालं आलात. पिंपावर बसा. वाचा."

"मी?"

"मग कोण? तुम्ही तर बाई."

मी बसले. मनातून सुखावलेच. डी.एड.ला वाचनाचं बक्षीस मिळालं होतं मला. चांगुणाबाईने तांदूळ बाजूला ठेवून आपलं मोठं सूप मांडीवर घेतलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी पुरवणी उघडली आणि खणखणीत आवाजात, एका श्वासात पहिलं वाक्य वाचून टाकलं, "लग्नाचे वऱ्हाड चुकीच्या गावात उतरले."

कोणी काही म्हणालं नाही. बोटं चालली होती, पानं सळसळत होती.

मी पुन्हा वाचलं, जरा सावकाश. काही नाही. म्हातारीने दोरा दाताने तोडला. माझे कान गरम झाले. मला वाटलं, यांना ऐकू गेलं नसेल, मग लक्षात आलं की ऐकू सगळ्यांना गेलं होतं.

मी कागद खाली घेतला. ते वऱ्हाड डोळ्यांसमोर आणलं, ट्रकमधून उतरणाऱ्या बायका, वाजंत्री, आणि ज्यांच्या दारात कसलंच लग्न नाही अशी ती घाबरलेली माणसं. मग तिसऱ्यांदा वाचलं, त्यांना सांगितल्यासारखं.

चांगुणाबाईने बिडीला दोरा गुंडाळला, ती सुपात टाकली, आणि मान वर न करता म्हणाली, "हं."

मी पुढचं वाक्य वाचलं.